अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

फोटोग्राफीच्या कुठल्याही सहलीत तासाभरात एक प्रसंग हमखास घडतो. कुणीतरी आपला छोटा मिररलेस कॅमेरा घेऊन मेनूत काहीतरी शोधत असतो, एखाद्या बटणाचं काम बदलत असतो. मागून कुणी ज्येष्ठ म्हणतात, ‘अहो, मेनूत डोकं घालून फोटो येत नसतो. ऑटोवर टाका आणि समोर बघा.’ आजूबाजूचे हसतात. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हणही कुणीतरी टाकतोच. बिचारा मेनूवाला ओशाळून कॅमेरा बंद करतो.

या टोमण्यात तथ्य नाही असं नाही. समोर बैलगाडी निघून गेली तरी पडद्यावरचे उपमेनू उघडत बसणारे महाभाग सगळ्यांनी पाहिले आहेत. लेन्स बदलता येणाऱ्या या छोट्या कॅमेऱ्यांनी मेनूंचा उच्छाद मांडला आहे, हेही कबूल. पण टोमण्याच्या मुळाशी एक समजूत आहे आणि तीच चुकीची आहे. ऑटो म्हणजे सेटिंग नसणं, कोरी पाटी, निव्वळ नजर आणि समोरचं दृश्य, असं ही मंडळी धरून चालतात. ऑटो हेही सेटिंगच आहे. फरक इतकाच की ते दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी उजेडासाठी करून ठेवलेलं असतं. ते आपल्याकडे किती चालतं हे पाहायचं तर पैनगंगा ओलांडून तेलंगणातल्या आदिलाबादला जावं. यवतमाळच्या बाजूने गेलेल्याला भाषा बदलल्याचं लगेच जाणवतही नाही, कारण नदीच्या त्याही काठावर घराघरांत मराठी आहे. उजेड मात्र तिथे कॅमेऱ्याची चांगलीच परीक्षा घेतो.

दिवाळीच्या पुढेमागे आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. स्वच्छ ऊन, वर निळं आभाळ, समोर पांढऱ्या सोन्याचे ढीग. ऑटोवर फोटो काढला की कापूस मळकट येतो, पावसात भिजून गेल्यासारखा. यात कॅमेरा बिघडलेला नाही. त्याचा मीटर समोरून येणारा उजेड मोजतो आणि दृश्य सरासरी मध्यम राखाडी असणार असं गृहीत धरतो. छायाचित्रकारांच्या बोलीतली ‘१८ टक्के राखाडी’ ती हीच. चौकटभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो पांढऱ्याला ओढून राखाडीपाशी आणतो. आताचे मीटर चौकटीचे तुकडे पाडून हिशेब करतात, चेहरेही शोधतात, त्यामुळे चूक पूर्वीइतकी ढळढळीत राहिली नाही. पण ती गेलेली नाही. कापसाला कापूस ठेवायचं तर एक्सपोजर एक-सव्वा स्टॉप वर चढवावं लागतं, आणि ते माणसानेच चढवावं लागतं.

गंमत म्हणजे हे यार्डातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलाव्याचं प्रमाण ८ टक्के धरतात. त्याच्यावर गेलं की भाव कापतात आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेत नाहीत. मूठभर कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसलं की शेतकऱ्याची नजर काट्यावर खिळते. मोजमाप यंत्र करतं, पण ‘योग्य’ काय हे यंत्रात कुणीतरी आधी ठरवून ठेवलेलं असतं, हे तो पक्कं जाणतो. कॅमेऱ्याचं मोजमाप तेवढं निःपक्षपाती, असं त्याला कुणी सांगितलं तर तो हसेल.

आता याच जिल्ह्यातलं, याच मोसमातलं दुसरं दृश्य. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत राजगोंड आदिवासींच्या गावोगावी दंडारी नाचाचे फड फिरतात. त्यात गुसाडी असतात. डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप, खोटी दाढी, अंगाला राख, खांद्यावरून बकऱ्याचं कातडं, हातात काठी. डप्पू वाजू लागला, पिपरीचा सूर चढला की हे पावलं आपटत गोल धरतात. महाराष्ट्रात, किनवटकडे, यांना घुसाडी म्हणतात. संध्याकाळी अंगणात उजेड कमी, पाठीमागे काळोख, नाचणारा सावळा, अंगावर राखेचे पट्टे. इथे मीटर नेमकी उलटी चूक करतो. चौकटभर अंधार दिसला की तो सगळं उजळायला बघतो. काळोखाचा धुरकट पडदा होतो, राखेचे पट्टे जळतात, त्वचेचा पोत नाहीसा होतो. इथे एक स्टॉप खाली उतरावं लागतं. एका जिल्ह्यात, एका पंधरवड्यात, एकाच कॅमेऱ्याच्या दोन विरुद्ध चुका. ‘ऑटोवर टाका’ म्हणणाऱ्यांनी यातल्या कुठल्या चुकीवर टाकायचं तेही सांगावं.

आणि मुद्दा उजेडावर संपत नाही. ऑटोला उजेड अपुरा वाटला की अनेक कॅमेरे शटर सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत खाली आणतात. उभ्या माणसाला ते पुरतं, उडी घेणाऱ्या गुसाडीला पुरत नाही. टोप हलतो, पिसांचा नुसता हिरवट फराटा उमटतो. चेहरा शोधणारा फोकस खोट्या दाढीने आणि पिसांनी झाकलेल्या चेहऱ्यावर अडखळतो आणि मागे उभ्या असलेल्या, उघड्या चेहऱ्याच्या प्रेक्षकाला सुखाने पकडतो. रंगांचा ‘व्हिव्हिड’ मोड चालू राहिला असेल तर मोरपिसांचा निळा-हिरवा इतका भडक होतो की पिसाच्या रेषा एकमेकींत मिसळून जातात. या एकेका गोष्टीवर इलाज आहे आणि तो मेनूतच आहे. ऑटो आयएसओला ‘शटर अडीचशेच्या खाली जाऊ देऊ नकोस, हवं तर ६४०० पर्यंत चढ’ असं एकदा बजावून ठेवता येतं. रंग सौम्य करता येतात. फोकसचा चौकोन आपल्या हातात घेता येतो. हे फड सुरू होण्याआधी, घरी, चहा पिता पिता करायचं काम आहे.

ऑटो कुणासाठी केलेला असतो, याचा इतिहास तर आणखी बोलका आहे. गेल्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचं एक कार्ड पाठवत असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो असे. कार्डाला नाव पडलं शर्ली. शर्लीची कांती नीट आली की छपाईचे रंग बरोबर. मग सावळ्या-काळ्या माणसांचे चेहरे डागासारखे आले तरी दोष उजेडाचा. फिल्म सुधारण्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचाही हात होता, ही त्या गोष्टीतली विदारक भर. माणसांच्या आधी चॉकलेटला न्याय मिळाला! हा जुना जमाना झाला, आता सगळं सुधारलं, असं वाटत असेल तर गूगलचं उदाहरण घ्यावं. २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर त्यांनी ‘रिअल टोन’ आणलं आणि सावळ्या त्वचेसाठी कॅमेऱ्याचे हिशेब नव्याने बसवल्याचं जाहीर केलं. नव्याने बसवावे लागले, म्हणजे आधीचे कुणासाठी बसवलेले होते? जगातले नामांकित अभियंते ऑटोची गृहीतकं अशी दुरुस्त करत असताना गुसाडीपुढे उभ्या असलेल्या माणसाने मात्र ती जशीच्या तशी मुकाट मानावीत, हा आग्रह विचित्र आहे.

इथे ज्येष्ठांचा हुकमी एक्का येतो. ‘जुन्या लोकांकडे कुठे मेनू होते? तरी त्यांनी फोटो काढलेच ना?’ आदिलाबादेत हा एक्का टाकायचा तर नाव एकच येतं, ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. गोंडांचा बंडखोर पुढारी कुमुरम भीम १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडल्यानंतर हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ गोंडांमध्ये आला. १९४१ पासून मार्लवाई गावात राहून त्याने जे पाहिलं ते १९४८ च्या ‘द राजगोंड्स ऑफ आदिलाबाद’मध्ये लिहिलं आणि कॅमेऱ्यानेही टिपलं. (मार्लवाई २०१६ च्या जिल्ह्यांच्या फेररचनेत कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. गुसाडीचे गुरू कनक राजू याच गावचे. त्यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले.) हायमेनडॉर्फचे फोटो आज लंडनच्या सोअॅस संस्थेच्या संग्रहात आहेत. त्याच्याकडे मेनू नव्हता हे खरंच. पण त्या काळच्या कॅमेऱ्यात फिल्म भरली की आजच्या भाषेतला आयएसओ त्या रोलपुरता ठरून जाई. अॅपर्चर बोटांनी फिरवायचं, शटर बोटांनी लावायचं, अंतर डोळ्याने जोखायचं. म्हणजे त्याचा प्रत्येक फोटो शंभर टक्के सेटिंग करूनच निघालेला. सेटिंग डिजिटलने आणलं नाही. मधल्या काळात बाहेरून आला तो ऑटो. हायमेनडॉर्फची साक्ष काढायचीच असेल तर ती मेनूवाल्याच्या बाजूने पडते.

त्याच १९४१ सालची दुसरी गोष्ट छायाचित्रकारांना पाठ असते, पण तिचा अर्थ उलटा लावला जातो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर चंद्र उगवताना अॅन्सेल अॅडम्सने गाडी थांबवली, तिकाटणं लावलं, आणि त्याला लाइट मीटरच सापडेना. सूर्य मावळत होता. चंद्राची दीप्ती किती हे त्याला आकड्यात ठाऊक होतं. त्यावरून मनात हिशेब करून त्याने एक निगेटिव्ह काढली. दुसरी काढेपर्यंत कबरींवरच्या क्रुसांवरचं ऊन गेलेलं होतं. ही गोष्ट ‘यंत्र नसलं तरी नजर असली की झालं’ म्हणून सांगतात. नजर होतीच. पण त्या घडीला कामाला आला तो आधी पाठ केलेला आकडा. प्रकाशाच्या पायऱ्या पाडण्याची झोन पद्धत ज्याने फ्रेड आर्चरबरोबर बसवली तो माणूस सेटिंगच्या बाबतीत बेफिकीर होता, असं म्हणणं धाडसाचं आहे.

दुसरा पंथ अधिक आधुनिक आहे. तो म्हणतो, ‘रॉमध्ये काढा, बाकी सगळं संगणकावर दुरुस्त होतं.’ या पंथाला अर्धे गुण द्यायला हवेत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे मळका कापूस धुऊन काढता येतो, पिवळा पडलेला उजेड बदलता येतो. पण हललेला फोटो रॉमध्ये स्थिर होत नाही. मागच्या प्रेक्षकावर गेलेला फोकस गुसाडीवर आणता येत नाही. पूर्ण जळलेल्या राखेत पोत परत भरता येत नाही. आणि दिव्यांच्या लुकलुकण्याने फोटोत उमटणारे पट्टे घालवणं हे तर भल्याभल्यांना रडवणारं काम आहे.

या पट्ट्यांवर थोडं थांबायला हवं, कारण सारा वाद इथे एका रात्रीपुरता समोर उभा राहतो. पौष अमावास्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. गोंडांच्या मेश्राम कुळाचे लोक गोदावरीचं पाणी घेऊन पायी येतात आणि रात्री महापूजा होते. देऊळ आता नवं आहे. कुळाने स्वतः पैसे उभे करून बांधलेलं, २०२२ मध्ये उघडलेलं. महापूजेनंतर कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवतात. पांढऱ्या साड्या, तोंडावर ओढून घेतलेला पदर, सासरच्या बायकांचा आधार, खाली वाकून नमस्कार. याला ‘भेटिंग’ म्हणतात. फोटो काढण्याची परवानगी कुळाच्या वडीलधाऱ्यांनी दिली तरच काढायचा, हे सगळ्या सेटिंगांच्या आधीचं सेटिंग.

परवानगी मिळालेला माणूस ऑटोवर कॅमेरा घेऊन तिथे उभा आहे असं धरू. अंधार पाहून कॅमेऱ्याचा फोकसचा दिवा पेटतो आणि नारिंगी झोत थेट सुनेच्या पदरावर पडतो. फोकस जुळल्याची ‘पी-पीप’ वाजते. शटरचा खटका होतो. तीन अपराध, तिन्ही आपोआप. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत दिवा आणि आवाज कारखान्यातूनच चालू येतात. ते बंद करायला मिनिटभर पुरतं, पण ते मिनिट घरीच काढून ठेवावं लागतं.

मग खटका घालवायला कुणी मूक शटर लावतो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक. इथे खरा पेच आहे. मूक शटरमध्ये सेन्सर एका फटक्यात वाचला जात नाही, ओळीओळीने वाचला जातो. अनेक छोट्या कॅमेऱ्यांत पूर्ण चौकट वाचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. विसाव्या भागात पाच लुकलुकी बसतात, आणि शटर वेगवान असेल तर फोटोत पाच काळे-पांढरे पट्टे आडवे येतात, नेमके त्या पांढऱ्या साडीवर. खटका ठेवला तर पूजेत व्यत्यय, घालवला तर पट्टे. ऑटो यातून वाट काढत नाही, कारण शांतता हवी की स्वच्छ फोटो, हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नाही. माणसाला वाट सापडते. सून सावकाश वाकते आहे, ती काही उडी घेत नाही. तेव्हा शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर लावावं. मग प्रत्येक ओळीला दिव्याची एक पूर्ण लुकलुक मिळते आणि पट्टे विरून जातात. जनरेटरच्या विजेवर हा हिशेब थोडा हलतो, तरी काम भागतं. साडी पांढरी राहावी म्हणून एक्सपोजर पाऊण स्टॉप वर. आवाज नाही, दिवा नाही, पट्टे नाहीत. हा फोटो नजरेने काढला की सेटिंगने, या प्रश्नाला काही अर्थ उरतो का?

(चलच्चित्र काढणाऱ्यांसाठी एक टीप. मेनूत एनटीएससी आणि पाल असा पर्याय असेल तर भारतात पाल. पंचवीस फ्रेम, शटर पन्नासावर. नाहीतर जत्रेतले सगळे दिवे पडद्यावर धडधडत राहतात.)

कॅमेरा कंपन्यांनीही हा वाद एकदा पैसे घालून लढून पाहिला आहे. पॅनासॉनिक आणि ऑलिंपस यांनी २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स जाहीर केलं. त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी-१ आला, २००९ मध्ये ऑलिंपसचा पेन ई-पी-१, आणि लेन्स बदलता येणारा लहानसा कॅमेरा खिशाच्या जवळपास आला. २०११ मध्ये निकॉनने या आखाड्यात ‘निकॉन १’ मालिका उतरवली. तिच्या जे-१ च्या डायलवर अॅपर्चर, शटर, मॅन्युअल यांना जागाच दिली नव्हती, ते मेनूत सरकवले होते. सामान्य माणसाला हे नको असतं, हा हिशेब. २०१५ मध्ये जे-५ आला तेव्हा ही अक्षरं गुपचूप डायलवर परतली होती. मालिका २०१८ मध्ये बंद झाली. तिच्या मरणाला लहान सेन्सर आणि किंमत यांसारखी इतरही कारणं होती, सगळं खापर डायलवर फोडणं बरोबर नाही. पण लोकांना नकोच म्हणून काढलेली गोष्ट परत का आणावी लागली, हा प्रश्न ‘ऑटोवर टाका’वाल्यांनी त्या कंपनीला विचारावा.

मेनूवाल्यांचीही हजेरी घ्यायला हवी, नाहीतर हा प्रतिवाद एकतर्फी होईल. कुणाच्या तरी व्हिडिओतली ‘रेसिपी’ उचलून फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यात भरणारे आणि मग गुसाडीला जुन्या कॅलिफोर्नियातल्या संध्याकाळचे रंग देणारे लोक ऑटोवाल्यांपेक्षा वेगळे नाहीत. त्यांनी फक्त कारखान्याऐवजी दुसरा मालक निवडला. प्रत्येक बटणाला काम नेमणारे आणि ऐन वेळी कुठल्या बटणाला काय नेमलं ते विसरणारेही आहेत. त्यांच्यासाठी ज्येष्ठांचा टोमणा योग्यच. आणखी एक खोच अशी की काही कॅमेऱ्यांत साठवलेल्या मोडमध्ये जागेवर केलेला बदल डायल फिरवताच पुसला जातो. तो पुन्हा साठवावा लागतो. हे ज्याला एकदा ऐन मोक्यावर कळलं तो जन्मात विसरत नाही.

पण या चुकांवरचा उपाय कमी आणि नेमकं सेटिंग हा आहे, सेटिंगच न करणं हा नव्हे. हेन्री कार्तिए-ब्रेसाँचं नाव ऑटोवाले वारंवार घेतात, कारण तो तंत्राबद्दल फार बोलत नसे. त्याला बोलायची गरज नव्हती. आयुष्यभर बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या लेन्सवर, लायकाच्या कॅमेऱ्यावर. एवढं कायमचं ठरवून टाकलं की प्रसंगी ठरवायला फार थोडं उरतं. छोट्या मिररलेसवर हेच साधता येतं. फोकस शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याखालच्या बटणावर नेण्याची सोय कॅननने १९८९ मध्ये ईओएस ६३० वर दिली होती, आज ती जवळपास सगळीकडे आहे. आठवडाभर हात चुकतो. मग एक दिवस गुसाडीने मान फिरवली की अंगठा आपोआप दाबला जातो, पिसांचा टोप मध्ये आला की अंगठा उचलला जातो आणि फोकस होता तिथेच राहतो. डोळा दृश्यावरून हलत नाही. ज्येष्ठ ज्याला ‘समोर बघा’ म्हणतात ते हेच. फक्त तिथपर्यंतची वाट मेनूतून जाते.

म्हणून सहलीत मेनूत डोकं घातलेला माणूस दिसला तर त्याला हसण्याआधी तो काय शोधतोय ते विचारावं. तो रंगांच्या तयार रेसिप्या चाळत असेल तर खुशाल हसावं. तो फोकसचा दिवा बंद करत असेल तर त्याला जागा करून द्यावी. अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं, आणि ते आधी पाहून आलेल्याचं पाऊल चुकत नाही. यंदाची दंडारी दिवाळीपर्यंत चालेल, यार्डातली कापसाची आवक त्यानंतर वाढेल आणि पौष अमावास्येला केसलापूर भरेल. या छोट्या कॅमेऱ्यांपैकी अनेकांत आपली सेटिंग साठवायला दोन-तीन जागा दिलेल्या असतात. बहुतेकांच्या कॅमेऱ्यात त्या विकत घेतल्या दिवसापासून रिकाम्या पडलेल्या आहेत.